लिव्हिंग्स्टनच्या घरी बघण्याचा कार्यक्रम

“अहो म्हन,” रोझामामी म्हणाली.

“अहो.”

“नुसतं अहो नाय. अहो डॉक्टर. आनि बोलताना खाली बघ जरा.”

मी खाली बघून “अहो डॉक्टर” म्हटलं. टेबलापलीकडे बसलेला रूबेन मामीनं उद्याच्या पोह्यांसाठी भाजून ठेवलेले शेंगदाणे तोंडात टाकत होता. तो फिस्सकन हसला आणि शेंगदाण्याचा तुकडा माझ्या साडीवर उडाला.

“अरे, माणसासारखं खा की,” मी म्हणाले.

मामीनं कपाळावर हात मारला. “झालं. उद्या हिथंच गाडं अडनार बघा.”

मामीला ग्लासगोत येऊन वीस वर्षं झाली होती, पण तिची शेवगावची बोली काही सुटली नव्हती. मामाची बस चालवायची नोकरी आणि मामीची जिभेची धार, या दोन गोष्टींवर ते घर मजेत चाललं होतं. मी तिथल्याच एका इस्पितळात नर्स होते. रूबेन हाडांच्या विभागात शिकायला आला होता. एकदा वॉर्डात प्लास्टर लावताना कोणीतरी हळूच “च्यायला” म्हणालं, मी चमकून मागे पाहिलं, आणि तिथून आमचं जमलं. पहिल्या आठवड्यापासून अरे-तुरे. दोन वर्षांत लग्नाचंही ठरवून झालं होतं. राहिला होता फक्त रूबेनच्या वडिलांचा होकार.

ते रेव्हरंड भास्कर अमोलिक. नगर जिल्ह्यात अमोलिक पाळकसाहेब म्हटलं की बसलेली माणसं उठून उभी राहत. सगळं आयुष्य त्यांनी सायकलवरून गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळण्यात घालवलेलं. सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे. सगळ्यांना म्हणजे स्वतःच्या मुलांनासुद्धा. रूबेन आधी ‘चिरंजीव’ होता, पदवी मिळाल्यापासून ‘डॉक्टर’ झाला. थोरल्या योएलनं ठाण्यात परस्पर लग्न उरकलं आणि लग्नाचा फोटो घरी पोस्टानं पाठवला. त्यानंतर पाळकसाहेबांच्या तोंडून योएलचं नाव निघालं नाही. आई चार वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नाही. आपलंही प्रेमप्रकरण आहे हे कळलं तर बाप आपल्यालाही पुसून टाकेल, या भीतीनं रूबेनची झोप उडाली होती.

म्हणून ही सगळी कारस्थानं मामीची. पाळकसाहेब इथल्या एका चर्चचे पाहुणे म्हणून महिनाभर स्कॉटलंडला आले होते. मामीनं त्यांना निरोप धाडला, की आमची भाची इथं नर्स आहे, वळणाची आहे, आपल्या डॉक्टरांसाठी बघता का. त्यांनी उलट कळवलं, शनिवारी आपण ब्लँटायरला, आफ्रिकेत गेलेले मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचं जन्मस्थान पाहायला जाणार आहोत, मुलगी तिथेच पाहू. लहानपणी संडे स्कूलमध्ये त्या माणसाची गोष्ट ऐकून ते पाळक झाले होते. आयुष्यभर त्याच्यावर उपदेश केले होते. तेव्हा दोन्ही कामं एका दिवसात.

मंगळवारी ते परत जाणार होते. रूबेनलाही महिनाअखेर जालन्याकडच्या मिशन इस्पितळात रुजू व्हायचं होतं. शनिवारी होकार मिळाला तर आम्ही दोघं बरोबर जाणार. नाही मिळाला तर तो तिकडे आणि मी इकडे, आणि पुढचं देवाला ठाऊक. आम्ही एकमेकांना ओळखत नाही, एवढं एक सोंग दिवसभर वठवायचं होतं.

शनिवारी स्टेशनवर पाळकसाहेब छत्री घेऊन ताठ उभे होते. काळा लांब कोट, गळ्याशी पांढरी पट्टी. मला पाहून त्यांनी हॅट काढली.

“सलाम. आपण नलिनीबाई हिवाळे ना?”

सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मला कोणी नलिनीबाई म्हटलं नव्हतं. मी सलाम केला. तेवढ्यात रूबेन पुढे आला आणि पाठ केल्याप्रमाणे म्हणाला, “नमस्कार. आपलं शुभनाव?”

“आत्ताच तर सांगितलं की,” मामी म्हणाली. “डॉक्टर, कानात वाफ घेत जा.”

गाडीत मामीनं थर्मास काढला. रूबेननं चहा ओतायला घेतला. एक पेला भरला, त्यात साखरेचे तीन खडे टाकले, चमच्याच्या दांडीनं ढवळलं आणि माझ्या हातात दिला. मीही तो निवांत तोंडाला लावला. तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या लक्षात आलं, की अनोळखी बाईला चहात किती साखर लागते हे माणूस आधी विचारतो.

पाळकसाहेब पाहत होते. मामी म्हणाली, “डॉक्टर लोकांना चेहऱ्यावरून साखर कळती, पाळकसाहेब. हुशार हायेत तुमचे.”

“असं?” ते म्हणाले. “मग माझा चेहरा पाहून द्या, डॉक्टर.”

रूबेननं मोठ्या आत्मविश्वासानं दोन खडे टाकले. पाळकसाहेबांनी पेला घेतला, पाहिला आणि परत दिला.

“मला मधुमेह आहे.”

“कधीपासून?” रूबेनचा चेहरा उतरला. “पपा, तुम्ही कळवलं नाहीत.”

“आपण विचारलं नाहीत,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खिडकीबाहेर गायी दिसत होत्या, त्या ते पाहत राहिले. मला हसू यायचं ते एकदम थांबलं.

ब्लँटायरच्या स्टेशनपासून ते ठिकाण चालत जाण्यासारखं. नदीकाठी जुनी पांढरी इमारत, तिला बाहेरून गोल जिने. कापसाच्या गिरणीतल्या कामगारांसाठी बांधलेली ती चाळ होती. चाळच म्हणायची, दुसरा शब्द नाही. एकेका खोलीत एकेक कुटुंब. त्यातल्याच एका खोलीत हा जगप्रसिद्ध माणूस जन्मला.

त्या खोलीच्या दाराशी पाळकसाहेब थांबले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

“पपा, इथं बूट काढत नाहीत,” रूबेन कुजबुजला.

“इथलं मला माहीत नाही. मी कोणाच्या घरात बूट घालून जात नाही.”

मग काय, आम्हीही काढले. तिथं देखरेखीला एक म्हातारी स्कॉटिश बाई होती. तिनं चार जोड्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पायानं ते सगळे भिंतीशी सरळ लावून ठेवले. मामीच्या मोज्याला भोक होतं. ती तो पाय दुसऱ्या पायावर ठेवून करकोच्यासारखी उभी राहिली.

खोलीत भिंतीत बसवलेला पलंग होता, शेगडी होती, चार भांडी होती. “आईबाप आणि पाच मुलं,” पाळकसाहेब म्हणाले. “इथेच जेवण, इथेच निजणं. दहाव्या वर्षी हा मुलगा गिरणीत लागला. तुटलेले धागे जोडायचं काम. पुस्तक यंत्रावर उघडं ठेवायचा आणि येता-जाता एकेक ओळ वाचायचा.”

“आमचं शेवगावचं घर याच्याहून मोठं होतं,” मामी म्हणाली. “तरी आमच्यात कोनी आफ्रिकेला गेलं नाय.”

पाळकसाहेब हसले. मामीनं मला कोपर मारलं, म्हणजे काम सोपं होतंय. मलाही तसंच वाटलं. ते प्रत्येक दालनात लहान मुलासारखे पुढे पुढे जात होते. पाटी वाचायच्या आधीच तिच्यावर काय लिहिलं असेल ते आम्हाला सांगायचे आणि मग वाचून खात्री करून घ्यायचे. चाळीस वर्षं ज्याच्या गोष्टी सांगितल्या त्याच्या घरी ते पोचले होते. त्यांच्याकडे पाहून मला रूबेनपेक्षा त्यांचाच जास्त लळा लागेल की काय अशी भीती वाटायला लागली.

सिंहाच्या प्रसंगापाशी गर्दी होती. सिंहानं झडप घालून लिव्हिंग्स्टनचा दंड चावला आणि हाड मोडलं, ती गोष्ट. पाळकसाहेबांनी रूबेनला पुढे बोलावलं. “हा आपला विषय. सांगा.”

रूबेन खुलला. हाड कसं मोडलं असेल, नीट न जुळल्यानं तिथं खोटा सांधा कसा तयार झाला, हे तो हात हलवून सांगू लागला. “आणि पुढे मृतदेह आणला तेव्हा याच खुणेवरून तो ओळखला. उजव्या दंडाचं हे हाड—”

“डावा रे,” माझ्या तोंडून गेलं.

मामीनं डोळे मिटले. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. मी जीव मुठीत धरून वाक्य पुढे ढकललं, “...व्हरंडसाहेब. डावा, रेव्हरंडसाहेब. पाटीवर तसं लिहिलंय.”

“बरोबर. डावा,” ते म्हणाले. “डॉक्टर, नलिनीबाईंचं लक्ष आहे.”

रूबेन खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. त्याचं खोकणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मामी माझ्या कानाशी लागली, “लग्न झाल्यावर तुझं तोंड शिवून टाकते.”

पुढच्या दालनात लिव्हिंग्स्टनच्या बायकोचं चित्र होतं. मेरी तिचं नाव. तिच्यापाशी मात्र पाळकसाहेबांनी काही सांगितलं नाही. ते पाटी वाचत उभे राहिले. नवरा नद्यांचे उगम शोधत हिंडत होता तेव्हा ही मुलांना घेऊन इथं परक्या छपराखाली वर्षानुवर्षं राहिली. शेवटी त्याच्यामागे गेली आणि तिकडेच झांबेझीच्या काठी तापानं वारली. एवढंच होतं. आम्ही पुढचं दालन पाहून परत आलो तरी ते तिथेच होते.

“यांच्यावर मी कधीच बोललो नाही,” ते म्हणाले. “एवढे उपदेश केले. यांचं नावसुद्धा घेतलं नाही.”

“चला, पोहे गार व्हतील,” मामी म्हणाली. पोहे सकाळपासूनच गार होते.

बाहेर हिरवळीवर लाकडी टेबल होतं. मामीनं डबा उघडला, वर खोबरं भुरभुरवलं, बशा मांडल्या. बघण्याचा कार्यक्रम म्हणजे पोहे हवेतच, मग तो स्कॉटलंडमध्ये का असेना. मी शिकवल्याप्रमाणे पहिली बशी पाळकसाहेबांना दिली. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि मग मला प्रश्न विचारले. शिक्षण कुठं झालं, वडील काय करतात, मिशनच्या इस्पितळात पगार कमी असतो हे माहीत आहे का, खेड्यात राहाल का. मी खाली बघून उत्तरं दिली. सगळी खरी दिली. शेवटी त्यांनी बशी बाजूला सारली.

“मुलगी उत्तम आहे,” ते मामीला म्हणाले. “याहून चांगली मला शोधून सापडणार नाही.”

मामीचा चेहरा एकदम फुलला. टेबलाखाली रूबेनचा पाय माझ्या पायावर आला.

“पण मी आज होकार देणार नाही.”

तो पाय गेला.

“का हो?” मामीच्या तोंडून बारीक आवाज आला. “काय कमी हाये पोरीत?”

“काही नाही. पण नलिनीबाई डॉक्टरांना ओळखत नाहीत आणि डॉक्टर यांना ओळखत नाहीत. एका दिवसात पोहे खाऊन काय कळणार? दोघांनी एकमेकांना पत्रं लिहावीत. दोन वर्षं लिहावीत. त्यानंतरही मन झालं तर मी स्वतः त्यांचं लग्न लावीन.”

आपलं सोंग इतकं हुबेहूब वठेल आणि ते आपल्याच गळ्याशी येईल, हे मामीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“अहो पाळकसाहेब,” मामी घाईनं म्हणाली, “आपल्यात कुठं असलं पत्रंबित्रं? तुमचं लगीन कसं झालं?”

“एकदा बघून झालं. म्हणूनच सांगतोय. मी महिना-महिना दौऱ्यावर असायचो. घरी आलो की त्या दारात यायच्या, ‘अहो, आलात?’ म्हणायच्या, आणि पाहुण्यासारखं पाण्याचं तांब्याभांडं पुढे करायच्या. बत्तीस वर्षं ‘अहो, आलात’ आणि ‘अहो, निघालात’. त्यांना काय आवडायचं, काय टोचायचं, मला ठाऊक नाही. मुलांनी तेच उचललं. मला जिल्ह्यातली सगळी गावं पाठ आहेत, बाई. घरातलं माणूस एकही पाठ नाही. डॉक्टरांनी तसं करू नये.”

आता बोलायची पाळी रूबेनची होती. एवढं सगळं बापानं उघडं करून समोर ठेवलं होतं. हा मात्र बशीतला एकेक शेंगदाणा बाजूला काढत खाली मान घालून बसला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षांची ताटातूट माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि हा शेंगदाणे निवडत होता.

“अरे रूबेन, बोल ना,” मी म्हणाले. “काय गिळतोयस नुसता? आणखी दोन वर्षं थांबायचंय का तुला?”

मामीच्या हातातून चमचा पडला.

पाळकसाहेब माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना ‘अरे’ ऐकू आलं होतं, ‘तुला’ ऐकू आलं होतं, पण त्यांनी उचलला तो तिसराच शब्द.

“आणखी?” ते म्हणाले.

तेव्हा कुठे रूबेननं मान वर केली. “पपा, मी हिला दोन वर्षं ओळखतो. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. योएलदादाचं जे झालं ते पाहून...”

पाळकसाहेब उठले. छत्री घेतली आणि सरळ त्या पांढऱ्या इमारतीत परत गेले.

“संपलं,” मामी म्हणाली आणि तिनं डबा बंद केला. मग पुन्हा उघडला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. रूबेन तोंड झाकून बसला होता. मी त्याला धीरही देऊ शकत नव्हते. मला त्याच्याइतकीच भीती वाटत होती, आणि वर स्वतःच्या जिभेचा राग येत होता.

ते बऱ्याच वेळानं आले. येऊन माझ्यासमोर बसले, मुलासमोर नाही.

“योएलनं लग्न केलं याचा मला राग आला नव्हता,” ते म्हणाले. “चांगली मुलगी आहे, फोटोत दिसते. पण पोरगा बापाला एवढा घाबरतो, की त्याला फोटो पोस्टात टाकावा लागतो, हे मला पोस्टमन आला तेव्हा कळलं. त्याची लाज वाटली मला. लाज वाटते म्हणून त्याचं नाव घेत नाही. आज कळलं, दुसराही तसाच आहे.”

रूबेन काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हातानं त्याला थांबवलं.

“नलिनीबाई, एक विचारतो. हे तुम्हाला घाबरतात का?”

“कोण? हा?” मी म्हणाले. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. “मुळीच नाही. मागच्या महिन्यात माझ्या भाकरीला प्लास्टरचा तुकडा म्हणाला.”

“आणि तुम्ही?”

“मी पुढचे दोन दिवस त्याला उपाशी ठेवला.”

पाळकसाहेब हसायला लागले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलेपर्यंत. मामी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसू की नको अशी अर्धवट हसली.

“मग माझा होकार आहे,” ते म्हणाले. “सोमवारी तुमच्या वडिलांना तार करू. फक्त एक अट. माझ्या घरात याला अहो-जाहो करायचं नाही. पाहुणे आले तरी नाही. मंडळीतली माणसं नावं ठेवतील, ती ठेवू देत. मी ऐकून घेईन.”

मी खाली वाकून त्यांना सलाम केला आणि तिथंच रडले. मामी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, आणि मग तिलाच माझ्याहून जास्त रडू आलं. बापलेक मात्र टेबलाच्या दोन बाजूंना बसून होते. दोघांनाही उठून एकमेकांपर्यंत कसं जावं ते कळत नव्हतं.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं होऊन गेली. त्या घरात मी रूबेनला कधी अहो म्हटलं नाही, आणि नगरच्या बायकांनी नावं ठेवायची तेवढी ठेवली. पाळकसाहेबांनी सगळी ऐकून घेतली. योएलदादा आणि वहिनी आमच्या लग्नाला आले, ते पाळकसाहेब स्वतः ठाण्याला जाऊन घेऊन आले म्हणून. पण मला त्या दिवसातलं जे सगळ्यात जवळचं वाटतं ते अजून व्हायचं होतं.

परतताना स्टेशनवर ऊन होतं. मामी आणि मी बाकावर टेकलो. रूबेन रिकामा डबा धरून फलाटाच्या अगदी कडेला उभा होता, मान खाली, बापाकडे पाठ. लांबून गाडी येताना दिसली. पाळकसाहेब त्याच्यामागे चार पावलांवर उभे होते. त्यांनी एकदा घसा खाकरला, पुन्हा एकदा खाकरला.

“अरे रूबेन,” ते म्हणाले, “मागे सर, बाळा.”

रूबेननं वळून पाहिलं. आपल्यालाच हाक मारली हे त्याला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तो मागे सरला तो थेट बापाच्या खांद्याशी आला, आणि त्या काळ्या कोटात तोंड खुपसून, डबा हातात तसाच धरून, हुंदके देऊ लागला. पाळकसाहेबांना त्याला नीट जवळ घेता येत नव्हतं. छत्री कुठल्या हातात धरावी तेच त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती खाली टाकली.

गाडी येऊन थांबली. दारं उघडली. मामी सवयीनं उठली आणि मी तिचा पदर धरून तिला परत खाली बसवलं. ती गाडी आम्ही जाऊ दिली.